मयेकरांचं दहाचं ऑफिस

मयेकरांची आणि माझी ओळख एका फुकटच्या वेबिनारमध्ये झाली. माझी नोकरी जाऊन बरेच दिवस झाले होते आणि करिअर या शब्दाखाली इंटरनेटवर जे काही फुकट मिळेल ते मी ऐकत सुटले होते. त्या दिवशी एक तरणाबांड कोच पडद्यावर हातवारे करून सांगत होता, "तुम्ही बेकार नाही आहात. तुम्ही ट्रान्झिशनमध्ये आहात. हे रोज सकाळी आरशासमोर उभं राहून म्हणा." शेवटी त्यानं शंका विचारायला सांगितलं. मग एका चौकोनातून घोगरा आवाज आला, "सर, एक विचारायचं होतं. या ट्रान्झिशनमध्ये सकाळी आंघोळ करून माणसानं जायचं कुठं?"

कोच हसला. त्याला तो विनोद वाटला. मी मात्र त्या चौकोनाकडे बघतच राहिले. इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, तेल लावून चापून बसवलेले केस, आणि पाठीमागे वॉशिंग मशीन. खाली नाव होतं, शशिकांत मयेकर. वेबिनार संपता संपता त्यांचा मेसेज आला. "मॅडम, कॅमेरा चालू असलेले आपण तिघंच होतो. तिघंही हसलो नाही. उद्या दहा वाजता वेळ आहे का? असणारच म्हणा."

तिसरा होता घाटकोपरचा हेमंत. कुरिअर कंपनीत हिशेब बघायचा, कंपनीनं ते काम दुसरीकडे दिलं आणि याला घरी पाठवलं. मी मुलुंडची, विम्याचे दावे तपासण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेलेली. मयेकर बोरिवलीचे. साकीनाक्याला पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ते ॲडमिनमध्ये होते. कॅन्टीन, बस, वॉचमन, दिवाळीचे डबे, साहेबाच्या केबिनचा एसी, सगळं त्यांच्याकडे. कारखाना गुजरातला गेला. मशीनं गेली, काही माणसंही गेली. छपन्न वर्षांच्या मयेकरांना कोणी चला म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला आम्ही तिघं व्हिडिओ कॉलवर आलो आणि मयेकरांनी नियम सांगितला. एकच होता. "चेहरा दिसू दे. बोललं नाही तरी चालेल. आपापलं काम करायचं, साइट बघायच्या, अर्ज भरायचे, पण कॅमेरा चालू. एक ते दोन जेवण. पाचला सुटी." मला वाटलं, चार दिवस गंमत म्हणून जाऊ. मग लक्षात आलं की मी त्या दहाच्या धाकानं केस विंचरते आहे. नवरा आणि मुलगी बाहेर पडल्यावर मी पूर्वी गाऊनमध्येच बसायची, अगदी दुपारपर्यंत. आता पंजाबी ड्रेस घालून, कानात काहीतरी अडकवून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसू लागले. समोरच्या दोन चौकोनांत दोन पुरुष खाली मान घालून टकटक करत असायचे. कोणी कोणाकडे बघत नसे. तरी बरं वाटायचं.

मयेकर घरातसुद्धा बूट घालून बसत. हे मला पुष्कळ उशिरा कळलं, लॅपटॉप सरकवताना एकदा कॅमेरा खाली झुकला तेव्हा. मी म्हटलं, "अहो मयेकर, गॅलरीत बूट?" तर म्हणाले, "ऑफिसात मी कधी चप्पल घातली नाही. आता कशाला सवय मोडू?"

त्यांची ती गॅलरी म्हणजे सरकत्या काचा लावून बंद केलेली चिंचोळी जागा होती. एका बाजूला मशीन, दुसऱ्या बाजूला तुळस, मध्ये घडीचं टेबल. मशीन फिरायला लागलं की मयेकरांसकट सगळं हादरायचं आणि आत मयेकरवहिनींना हाक जायची, "अगो, पाचाक लाव मशीन. हय ऑफिस चालू आसा." वहिनींचं उत्तर आम्हाला ऐकू यायचं नाही. मयेकरांच्या चेहऱ्यावरून अंदाज यायचा.

नोकरी शोधणं हे स्वतःच एक नोकरीसारखं काम झालं आहे, आणि त्यात बॉस शेकडो. प्रत्येक साइटवर नवं खातं, नवा पासवर्ड. बायोडेटा जोडायचा आणि त्यातली सगळी माहिती पुन्हा हातानं भरायची. जन्मतारखेच्या चौकटीत वर्ष निवडायला बोटानं खाली खाली सरकावं लागतं. मयेकर म्हणायचे, "माझं साल येईपर्यंत बोट दुखतं. मशीनलाच समजत असेल, हा म्हातारा आहे." सकाळी अर्ज केला की दुपारी नकार. कधी कधी तर पाणी पिऊन येईपर्यंत. 'आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.' मयेकर हा नकार मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि वर म्हणायचे, "बघ, निदान उत्तर तरी दिलं. संस्कार आहेत."

मग कुणीतरी सांगितलं की बायोडेटा एआयकडून लिहून घ्या. हेमंतनं तिघांचे घेतले. मयेकरांनी आपला वाचायला घेतला. कॅन्टीनचं कंत्राट बघायचे त्याचं झालं होतं कर्मचारी-कल्याणाचं धोरणात्मक नेतृत्व. बसच्या वेळा लावायचे ते बहुआयामी वाहतूक व्यवस्थापन. मयेकरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कोण रे हा माणूस? याला तर मीच ठेवून घेतला असता." त्यांनी ते पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं. शेवटी म्हणाले, "राहू दे. पण ते नेतृत्व काढ. उद्या कुणी विचारलं कुणाचं नेतृत्व केलं, तर काय सांगू? इडलीचं?"

फसवणाऱ्यांचेही फोन यायचे. हेमंतला एकदा आला. अंधेरीत नोकरी पक्की आहे, फक्त नोंदणीचे पैसे आजच्या आज भरा. हेमंत इतका टेकीला आला होता की कार्ड हातात घेऊन बसला. मयेकरांनी स्क्रीनवर ते पाहिलं. "हेमंत, फोन स्पीकरवर टाक." मग अतिशय अदबीनं त्यांनी विचारलं, "साहेब, ऑफिस अंधेरीत नेमकं कुठं? साकीनाक्याच्या बाजूला? बरं. पेट्रोल पंपाच्या अलीकडे की पलीकडे? खाली काय आहे हो, कुठलं दुकान? जेवायला माणसं कुठं जातात तुमची?" समोरचा आधी खोटं बोलला, मग चिडला, मग फोन ठेवला. मयेकर खुर्चीत मागे टेकले. "ऑफिस असतं तर खाली चहावाला असता. याला चहावालाच सांगता येईना." हेमंतनं कार्ड पाकिटात ठेवलं आणि उठून आत गेला. त्या दिवशी पहिल्यांदा एक चौकोन रिकामा दिसला. मयेकर पुन्हा आपल्या अर्जाकडे वळले.

त्यांचा खरा जीव होता तो इंटरव्ह्यूच्या तालमीत. तालमीत ते साहेब व्हायचे. माझी पहिली तालीम मला अजून आठवते. "टेल मी अबाउट युवरसेल्फ," त्यांनी विचारलं. मी सुरू केलं: मी मूळची चिपळूणची, लग्नानंतर मुलुंडला, मिस्टर बँकेत, मुलगी बारावीला. मयेकरांनी हात वर केला. "ज्योती, झाला इंटरव्ह्यू. बारावी ऐकली की त्यानं लिहिलं, ही बाई फेब्रुवारी-मार्चमध्ये सुट्टी मागणार. तू तुझ्याबद्दल कुठं बोललीस? गाव सांगितलंस, नवरा सांगितलास, पोर सांगितलंस. तू कुठं आहेस त्यात?"

खरं होतं ते. आपल्याकडे कुणी 'तुमच्याबद्दल सांगा' म्हटलं की आपण गावापासून सुरू करतो. त्यात काही चुकतंय असं आपल्याला वाटतच नाही. मयेकरांनी माझ्याकडून ते पाठ करून घेतलं. गाव नाही, सासर नाही, मुलं नाहीत. मी काय केलं, मला काय येतं, तुम्हाला काय उपयोग. मी अडखळले की ते म्हणायचे, "परत. आणि हसू नको उगाच. माफी मागितल्यासारखी हसतेस."

हेमंतला आधी नोकरी लागली. घाटकोपरातच एका औषधांच्या वितरकाकडे. तो कॉलवर येऊन सांगतानाच रडला आणि म्हणाला, "साहेब, मी जेवायच्या सुट्टीत येत जाईन इथे रोज." मयेकर तेव्हा म्हणाले, "नाय रे. नोकरी लागली की इथं यायचं नाही. हे कामावर नसलेल्यांचं ऑफिस आहे. तू तिथून हात हलवशील, आणि आम्ही दिवसभर तुझा हातच बघत बसू. जा आता, कामाला लाग." आणि त्यांनी त्याला कॉलमधून काढून टाकलं. मला ते फार कठोर वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी हेमंतच्या जागी मोकळा पडदा बघताना मात्र समजलं की हे बरंच झालं.

मग आम्ही दोघंच उरलो. दोघं असलो की माणूस जास्त बोलतो. एका दुपारी मशीन बंद होतं, मुलुंडला माझ्याकडे कुकरही लावायचा नव्हता, आणि मयेकर अचानक म्हणाले, "माझे वडील निवृत्त झालेच नाहीत, ठाऊक आहे? गिरणी बंद पडली. त्याला कुठं निवृत्ती म्हणतात? ते रोज सकाळी दाढी करून दारात उभे राहायचे. आई म्हणायची, खंय जातास? ते म्हणायचे, खंय नाय. मरेपर्यंत." मग म्हणाले, "माझ्या मनात एकच आहे बघ. अठ्ठावन्नला रीतसर निवृत्त व्हायचं. कुठूनही. कंपनी लहान असली तरी चालेल, पगार कमी असला तरी चालेल. पण माझ्या नावानं दोन माणसांनी भाषण केलं पाहिजे, हार घातला पाहिजे, आणि मी म्हटलं पाहिजे, बरं, येतो." मी म्हटलं, "होईल हो." असं म्हणताना माझं मलाच खोटं वाटलं. अठ्ठावन्न तेव्हा फार लांब नव्हतं.

आणि मग खरोखर एक चांगला इंटरव्ह्यू आला. मरोळच्या बाजूला एक नवी कंपनी, ॲडमिनचंच काम, वयाची अट कुठं लिहिलेली नव्हती. मयेकर आठवडाभर तयारी करत होते. यावेळी मी साहेब झाले. मी विचारायची आणि ते न अडखळता उत्तर द्यायचे. गाव नाही, वडील नाहीत, सगळं कसं कोरडं आणि चोख. त्या दिवशी त्यांनी वहिनींना तासभर बहिणीकडे पाठवलं, गॅलरीतून वॉशिंग मशीन बाहेर ओढलं, आणि मला म्हणाले, "आज दहाला तू एकटीच बस. मी बाराला येतो."

बाराला आले तेव्हा चेहरा असा उजळला होता की मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं, "झालं काम." मी म्हटलं, काय विचारलं? तर म्हणाले, "अगो, इंटरव्ह्यू घेणारा मुलगा परब. स्क्रीनवर नाव दिसलं. मी म्हटलं, परब म्हणजे कुठले तुम्ही? तर मालवणच्याच बाजूचे. आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. त्याच्या आजोबांना मी पाहिलेलं. दशावतारात राजा व्हायचे. मग काय, जत्रा, देवूळ, आंबे, त्याचं घर पडलंय ते, कोण बघणार आता... अर्धा तास कसा गेला कळलं नाही. शेवटी तो म्हणाला, काका, तुमच्याशी बोलून बरं वाटलं."

मी विचारलं, "आणि कामाचं काय विचारलं?"

"कामाचं..." मयेकरांनी चष्मा काढला. "वेळ संपली होती ना. अर्ध्या तासाचाच होता तो."

जी चूक माझ्याकडून त्यांनी महिनाभर घासून काढली होती, तीच चूक त्यांनी केली होती. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मला हसू आलं असतं. दोन दिवसांनी नकार आला. वाटचालीस शुभेच्छा. मयेकरांनी तो मोठ्यानं वाचला नाही. संध्याकाळी सुटीच्या वेळी एवढंच म्हणाले, "अर्धा तास मिळाला होता. तो मीच खाल्ला. पण ज्योती, खरं सांगू? किती महिन्यांत कुणी माझ्याशी असं बोललंच नव्हतं. त्या पोराला दोष नाही. तो काय करणार, काकांना नोकरीवर कसं ठेवणार?"

पुढे मला लागली. मुलुंडच्याच एका इस्पितळात, विम्याच्या खिडकीमागे. मी बोरिवलीला पेढे घेऊन गेले. मयेकरांना मी पहिल्यांदाच उभं पाहिलं. वाटले होते त्यापेक्षा बुटके निघाले. वहिनींनी भजी तळली, मयेकरांनी एक पेढा देवापुढे ठेवला, एक खाल्ला. निघताना लिफ्टपर्यंत आले आणि म्हणाले, "उद्यापासून येऊ नको." मी म्हटलं, नियम माहीत आहे मला. मला रडू येत होतं आणि ते मला दाखवायचं नव्हतं. मयेकर लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होते.

कामाला लागलं की माणसाला दुसऱ्याची आठवण फक्त दमल्यावर होते. माझं तसंच झालं. वहिनींचा नंबर होता, अधूनमधून त्यांच्याशी बोलायची. त्या सांगायच्या, "अजून बसतात दहाक. मधी दोघंतिघं नवीन इल्ले, ते लागले, गेले. आता परत एकटेच." मी हेमंतला कळवायची. हेमंत म्हणायचा, आपण काहीतरी करायला हवं. आम्ही आमच्या ओळखीत शब्द टाकत होतो. लोक वय विचारायचे आणि मग विषय बदलायचे.

आणि त्यांचा अठ्ठावन्नावा वाढदिवस आला. कल्पना हेमंतची, पण मला ती पूर्ण पटली होती हे मी सांगायलाच हवं. नोकरी नाही तर नाही, मयेकरांना निरोप समारंभ आपण देऊ. त्यांच्याच ऑफिसात, दहा वाजता. मधल्या काळात त्यांच्याकडे येऊन गेलेल्या दोघांनाही शोधून काढलं. वहिनींना आधी सांगून ठेवलं, त्यांनी हार आणून लपवला, नारळ आणला. मी इस्पितळात तासाभराची सवलत मागितली आणि भाषण लिहिलं. किती वेळा लिहिलं आणि खोडलं. दहाला आम्ही सगळे जुन्या दुव्यावरून आत शिरलो.

मयेकर होते. तोच शर्ट किंवा तसाच. केस जास्त पांढरे. एकेक चौकोन उघडत गेला तसे ते भांबावून बघू लागले. "हेमंत? काय रे, गेली की काय परत?" हेमंत म्हणाला, "नाही साहेब, नोकरी आहे." मग त्यांनी मला पाहिलं. मी बोलायला सुरुवात केली, "आज आपण सगळे इथे जमलो आहोत ते..." तेवढ्यात मागून वहिनी हार घेऊन आल्या. मयेकरांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. हाराकडे पाहिलं. नारळाकडे पाहिलं. सगळं समजलं त्यांना. वहिनी हार घालायला पुढे झाल्या, तर त्यांनी तो हातातच घेतला आणि मशीनवर ठेवला.

"ह्यो देवाक घाल," ते हलक्या आवाजात म्हणाले. "माका खंय अजून सुटी झाली?"

मयेकरांनी चष्मा नीट केला आणि आमच्याकडे बघितलं. रागावलेले नव्हते. फार थकलेले दिसत होते, आणि आमच्याशी प्रेमानं वागायचा प्रयत्न करत होते. "चांगली माणसं आहात तुम्ही. तुम्ही आलात, मला बरं वाटलं. पण निरोप कामावरच्या माणसाला देतात रे. मी अजून शोधतोय. हार घातलात तर मग शोधू कसा?" मग नेहमीच्या आवाजात, "हेमंत, तुझी वेळ आहे ना ऑफिसची? नीघ." हेमंतचा चौकोन गेला. बाकीच्या दोघांचेही गेले. मयेकर एकेकाला स्वतः बाहेर काढत होते.

मी शेवटची उरले. मला हातातला कागद कुठं ठेवावा ते कळेना. "मयेकर," मी म्हटलं, "दोन मिनिटं तरी ऐका. मी काय लिहिलंय ते."

"नंतर ऐकेन. खरंच ऐकेन," ते म्हणाले. "आता नको गो. अकराला माझा इंटरव्ह्यू आहे. मला तयारी करायचीय." त्यांनी खुर्ची पुढे ओढली, कॉलर नीट केली, आणि माझ्या पडद्यावर अक्षरं आली की मला या कॉलमधून काढण्यात आलं आहे.

मी इस्पितळाच्या खिडकीमागे परत जाऊन बसले. बाहेर माणसांची रांग लागली होती. अकरा वाजले तेव्हा मी घड्याळाकडे पाहिलं. त्यानंतर वहिनींशी माझं पुष्कळदा बोलणं झालं आहे. त्या दिवशी खरंच इंटरव्ह्यू होता का, एवढं विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.